आवाज जुळेपर्यंत

नाशिक शहरात सिनेमाला जाऊन सिनेमा न पाहणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या डोक्यावर राहत होता. कॉलेज रोडच्या पलीकडे, जिथं तेव्हा घरं संपून द्राक्षाचे मळे सुरू होत, तिथल्या एका दुमजली घरात खाली आम्ही आणि वर ते, असे आम्ही वीसएक वर्षं राहिलो. पाटबंधारे खात्यात ते ओव्हरसियर होते. निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना ओव्हरसियरच म्हणे, आणि तोंडावर दुसरं काही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. थेटरात ते जात ते आवाज तपासायला. पडदा उजळला की हे डोळे मिटत, मान किंचित डावीकडे कलती करत आणि बंधाऱ्याला कुठं गळती आहे का हे पाहणाऱ्या माणसासारखे स्तब्ध बसत. सगळं थेटर नायिकेच्या दुःखाने मुसमुसत असताना यांच्या कपाळावर आठी पडे. "भिंतीवरचा डावा स्पीकर फाटलाय," असं ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत. मध्यंतरात मॅनेजरच्या खोलीत जाऊन ते लेखी तक्रार देत, तीन प्रतींत. तिसऱ्या प्रतीवर मॅनेजरची सही घेऊनच खाली उतरत. पुढेपुढे एका थेटरच्या डोअरकीपरने त्यांना पाहून आधीच सांगायला सुरुवात केली होती, "साहेब, आज मशीनच बिघडलंय, उद्या या." आत सिनेमा सुरू असल्याचं बाहेर ऐकू येत असे.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, अगदी उलट्या. त्यांना सिनेमातला आवाज फाटका की धड याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना माणसं बघायची असत. कोण कुणाशी कसं वागलं, कुणी कुणाला फसवलं आणि शेवटी कुणाचं काय झालं. सिनेमा पाहून आल्यावर दोन दिवस त्या जिन्यात उभ्या राहून माझ्या बायकोला गोष्ट सांगत, आणि सांगताना पात्रांना गल्लीतल्या माणसांसारख्या शिव्या घालत. "मेला काय मिशीला पीळ देतो, बायकोला दोन घास सुखाने खाऊ देत नाही!" असं काही जिन्यातून ऐकू आलं की मी ओळखायचो, नवा सिनेमा लागला.

बहात्तर सालची गोष्ट. दोघं एका सिनेमाला गेले होते. त्यात नवरा खोट्यानाट्या संशयावरून बायकोला घराबाहेर काढतो, आणि ती तान्हं मूल कडेवर घेऊन स्टेशनात येते. फलाटाच्या दोन बाजूंना दोन गाड्या उभ्या. एक तिच्या वडिलांच्या गावाला जाणारी, दुसरी कुठं जाणारी ते तिलाही ठाऊक नाही. दोन्ही गाड्यांच्या शिट्ट्या होतात. आणि नेमक्या त्याच शिट्टीला थेटरातला कुठलातरी स्पीकर खरखरला. ओव्हरसियर उठले. "चल. हे ऐकण्यापेक्षा गिरणीत जाऊन बसू." वहिनी म्हणाल्या, "अहो, एवढं बघू द्या, कुठल्या गाडीत बसते ते!" पण ओव्हरसियर उठले म्हणजे उठले. त्या काळात नवरा उठला की बायको उठे. सिनेमातली काय आणि खुर्चीतली काय.

सिनेमा त्याच आठवड्यात उतरला आणि पुन्हा नाशिकला कधी लागला नाही. वहिनींनी कितीजणींना विचारलं असेल! एक म्हणाली, वडिलांच्या गाडीत बसली. दुसरी म्हणाली, बसलीच नाही, नवराच पळत आला. पंचवटीतल्या त्यांच्या एका मैत्रिणीने तर तिला रुळावरच झोपवली. वहिनींना यातलं काहीच पटलं नाही. वर्षातून एकदोनदा तरी, भाजी निवडता निवडता त्या म्हणत, "काय झालं असेल हो तिचं?" आणि ती कोण हे आम्हा दोघांनाही विचारावं लागत नसे.

ओव्हरसियरांच्या स्वभावाची एक चावी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. त्यांची सगळी नोकरी कालव्यांवर गेली होती, आणि कालवा पुरा झाल्याशिवाय त्यात पाणी सोडायचं नाही, हा त्यांचा एकमेव धर्म होता. एकदा कुणा पुढाऱ्याच्या आग्रहाने अर्धवट कालव्यात पाणी सोडलं, ते एका वस्तीत शिरलं, आणि चौकशी यांची झाली. तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी कालवा झाली होती. नव्या टेबलाचा एक पाय दोन सूत आखूड निघाला, तर दुरुस्त होईपर्यंत चार महिने घर जमिनीवर जेवलं. दिवाळीचा आकाशकंदील ते गवंड्यासारखा ओळंबा सोडून टांगत. तो मनासारखा सरळ लागेपर्यंत तुळशीची लग्नं उरकलेली असत. माझी बायको म्हणे, "यांच्या लग्नात अंतरपाट वेळेवर कसा निघाला, देव जाणे."

पंच्याऐंशी साली वहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, जरा जड झालं एवढंच. डॉक्टरांनी ओव्हरसियरांना आणि मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "दुसरा झटका येणार. कधी ते विचारू नका. त्यांना काय हवं-नको ते आता करून घ्या." ओव्हरसियरांनी खिशातून छोटी वही काढली. मला वाटलं औषधं लिहून घेतायत. आत जाऊन त्यांनी वहिनींना विचारलं, "तुला काय हवं?" वहिनी म्हणाल्या, "ती कुठल्या गाडीत बसली ते बघायचंय." ओव्हरसियरांनी वहीत लिहिलं. मग वही मिटून म्हणाले, "थेटरच घरी आणतो तुझ्यासाठी. आणि आवाज असा लावतो, की नाशिकच्या एका थेटरात तसा नसेल."

खरं तर काम सोपं होतं. रंगीत टीव्ही घरात होताच. त्यांच्या मस्कतच्या पुतण्याने व्हीसीआर पाठवला. आणि शालिमारजवळच्या एका व्हिडिओ लायब्ररीत तो सिनेमा चक्क निघाला. कॉपीवरून काढलेली कॉपी, पण निघाला. ज्या गोष्टीसाठी वहिनी तेरा वर्षं थांबल्या ती गोष्ट एका काळ्या डबीत बंद होऊन घरी आली, त्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला डाव्या हाताने बासुंदी करायला लावली. म्हणजे हात त्यांचा, सूचना देणारा. संध्याकाळी ओव्हरसियरांनी कॅसेट लावली. नावं सुरू झाली, संगीत सुरू झालं, आणि पहिल्या मिनिटाला त्यांनी ती बंद केली. "हा काय आवाज आहे? डबा वाजवल्यासारखा! यावर सिनेमा दाखवायचा?" कॅसेट लोखंडी कपाटात गेली. बासुंदी मात्र आम्ही खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या छतावर काम सुरू झालं. ओव्हरसियरांनी आधी बैठकीच्या खोलीचा नकाशा काढला. मोठ्या आवाजाला पोकळी लागते असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून कुंभारवाड्यातून दोन मोठे माठ आले आणि त्यांच्या तोंडांवर आठ-आठ इंचांचे स्पीकर बसले. आणखी चार भिंतींवर गेले. माठ घेताना त्यांनी कुंभाराची सगळी रास वाजवून पाहिली. कुंभारीण वैतागून म्हणाली, "बाबा, पानी प्यायचंय का गानं गायचंय?" भिंतींवरून आवाज परत फिरतो म्हणून त्यांना खरखरीत काहीतरी हवं होतं, त्यासाठी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे सर्वांत उत्तम, असं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या उस्मानभाईंनी सांगितलं. सात पिढ्यांत ज्या घरात अंडं शिरलं नव्हतं, त्या घराच्या भिंतींवर अडीचशे अंड्यांच्या जागा झाल्या. वहिनींच्या वन्सं भेटायला आल्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "दादा, हे काय चालवलंयस? ती आजारी आहे की तू?"

उस्मानभाई हा एकच माणूस त्यांच्याशी खरं बोलत असे. म्हातारा, पापभीरू कारागीर. तो एकदा तारा जोडता जोडता म्हणाला, "ओव्हरसियरसाहेब, एक बोलू का? रागावू नका. कॅसेटमधी आवाज एकच आहे. तुम्ही सहा नळ लावले म्हणून टाकीतलं पाणी सहा तऱ्हेचं होतंय का?" ओव्हरसियर शांतपणे म्हणाले, "पाणी एकच असतं, उस्मानभाई. पिकाला ते कुठून, कोणत्या उतारानं मिळतं, त्यावर सगळं आहे." उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मराठीचा मास्तर असल्यामुळे एखाद्या वाक्यावर भाळायची मला सवय आहे. ते वाक्य चूक असलं तरी.

मग भोंगा आला. लासलगावकडे तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्या एका म्हाताऱ्याने धंदा बंद केला होता. त्याच्या पडद्यामागचा, माणूस आत बसेल एवढा भोंगा ओव्हरसियरांनी कांद्याच्या ट्रकवर घालून आणला. तो जिन्यातून वर चढेना, म्हणून दोर बांधून गच्चीवरून ओढून घेतला. पुढं महिनाभर त्यातून जो आवाज निघे त्याला कांद्याचा वास असे, आणि तपासणीपुरतं का होईना, ओव्हरसियरांच्या डोळ्यांत सिनेमा पाहून पाणी आलेलं आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

पिकाची, म्हणजे ऐकणाऱ्याची, जागा ठरवायची राहिली होती. सगळे आवाज खोलीत ज्या एका ठिकाणी सारख्या ताकदीने भेटतात, तिथं वहिनींचा कान हवा. वहिनींची खाट तोवर खिडकीशी होती. तिथून रस्ता दिसे, आमचं अंगण दिसे, समोरच्या मळ्यात द्राक्षांचा माल उतरवणाऱ्या बायका दिसत. ती खाट ओव्हरसियरांनी खोलीच्या मधोमध आणली. जमिनीपासून कानाची उंची टेपने मोजली. छताच्या हुकाला ओळंबा बांधला आणि त्याचं पितळी टोक वहिनींच्या कपाळाच्या वर वीतभर अंतरावर येऊन थांबलं. मी हबकून विचारलं, "वहिनी, भीती नाही वाटत?" म्हणाल्या, "वाटते की. म्हणून दिवसभर देवाचं नाव घेते. आयती भक्ती होते, भाऊजी."

दिवसभर तपासणी चाले. कॅसेट कुठलीतरी भलतीच, भाड्याने आणलेली. हे स्टुलावर चढून एखादा स्पीकर दोन बोटं वळवत आणि विचारत, "आता?" खाटेवरून उत्तर येई, "बरा आहे." "मघापेक्षा?" "मघापेक्षा बरा आहे." "नक्की?" "अहो, खूपच बरा आहे." त्यावर हे खाली उतरून, स्वतः खाटेच्या कडेला बसून, वहिनींच्या डोक्याला डोकं लावून डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "नाही. अजून नाही." मी खालून ऐकत असे. त्या 'अजून नाही'चा माझ्यावर इतका परिणाम झाला, की त्या वर्षी वह्या तपासताना मी मुलांना भलतेच कमी गुण दिले.

एकदा मी धीर करून त्यांना म्हणालो, "ओव्हरसियर, एकदा आहे तसाच दाखवून टाका ना. नंतर सुधारा." ते माझ्याकडे इतक्या दुःखाने पाहू लागले, की मीच काही अपराध केला असावा असं मला वाटलं. "मास्तर, एकदाच दाखवायचाय. आणि त्या दिवशी तिला अर्ध्यातून मीच उठवून आणलं होतं. आता पुन्हा खरखरला, तर मी तिला काय सांगू?" मी जिना उतरून आलो. डॉक्टर म्हणाले होते ते त्यांनाही आठवत होतं. त्या भीतीनेच त्यांचा हात कामावरून उठत नव्हता, आणि हात उठत नव्हता म्हणून दिवस जात होते.

भोंगा एकच होता, त्याला जोडीचा दुसरा नव्हता. तशी जोड येवल्याला एका मंडपवाल्याकडे आहे असं कळलं, आणि ओव्हरसियर सकाळच्या एसटीने निघाले. मी आणि माझी बायको वहिनींपाशी थांबलो. बस फाट्यावरून वळली असेल-नसेल, वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात समईखाली आहे."

मी काय करायला निघालो आहे हे मला पुरेपूर ठाऊक होतं. तारा काढल्या. टीव्हीचा स्वतःचा, मुठीएवढा स्पीकर चालू केला. खाट आम्ही दोघांनी ओढून खिडकीशी नेली आणि टीव्ही तिच्यासमोर ठेवला. आवाज अगदी डब्यातला होता. मध्येच पडद्यावर मुंग्या येत. वहिनींची पापणी लवली नाही. नवऱ्याने बायकोला घराबाहेर काढलं तेव्हा म्हणाल्या, "बघा, बघा मेल्याला! रडताना मिशी निघून येईल त्याची." मग ते स्टेशन आलं. फलाट, दोन गाड्या, दोन शिट्ट्या. माझ्या बायकोने वहिनींचा डावा हात धरला. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली: बारा वर्षांनंतर.

आणि बारा वर्षांनंतर ती बाई पांढऱ्या पातळात एका शाळेची मुख्याध्यापिका झालेली! पुढं कोर्ट झालं, नवरा पायाशी आला, मुलगी बापाला भेटली, सगळे एका मोटारीत बसून गेले. कुठल्या गाडीत बसली हे सिनेमाने कुणालाच सांगितलं नाही.

मला वहिनींकडे बघवेना. मग कसलातरी आवाज आला, म्हणून पाहिलं, तर त्या हसत होत्या. अर्ध्या तोंडाने, पण पोट धरून हसावं तशा. "सांगितलंच नाही की हो! तेरा वर्षं मी त्या फलाटावर उभी, आणि हे लोक मला तिथंच ठेवून पुढं गेले!" पुसायला हात पुरेना, तेव्हा माझ्या बायकोने त्यांचे डोळे पुसले. जरा वेळाने म्हणाल्या, "छान झाला सिनेमा. आता सगळं होतं तसं करा. आणि ह्यांना सांगू नका."

"का पण, वहिनी? त्यांची एवढी धडपड..."

"तेच तर. झटका आला तेव्हा पहिला आठवडा ते नुसते खुर्चीत बसून माझ्याकडे बघायचे. पाणीसुद्धा पीत नव्हते. आता माठाकडे बघतात. काम संपलं की पुन्हा माझ्याकडे बघत बसतील. नको, भाऊजी. जुळवू दे त्यांना आवाज."

संध्याकाळी ओव्हरसियर टेम्पोत भोंगा घालून आले. घामाने डबडबलेले. वहिनींनी विचारलं, "मिळाली का जोड?" "मिळाली. पण पहिल्यापेक्षा अर्धा इंच लहान आहे," ते कष्टी होऊन म्हणाले. "मग आता महिनाभर तरी लागेल, नाही?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातलं समाधान मला आणि माझ्या बायकोलाच कळलं.

महिना लागला नाही. त्यानंतर पंधराच दिवसांनी, दुपारची वेळ. मी शाळेतून येऊन चहा घेत होतो. वर स्टूल सरकलं. "आता?" असा आवाज आला. उत्तर आलं नाही. ओव्हरसियरांनी मला नंतर सांगितलं ते असं: उत्तर आलं नाही तेव्हा त्यांना वाटलं, आज ती खरंच लक्ष देऊन ऐकते आहे. म्हणून ते न हलता, श्वाससुद्धा सावकाश घेत, स्टुलावर तसेच उभे राहिले. बराच वेळ.

पुढचे तेरा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगत: "शेवट न बघता गेली हो." माणसं म्हणत, "असं कसं, सगळं भरल्या घरात पाहून गेल्या." त्यांना वाटे, ते आयुष्याविषयी बोलतायत. ओव्हरसियर सिनेमाविषयी बोलत होते. उस्मानभाई येऊन भिंतीला टेकून बसले, त्यांनाही तेच. भोंग्यांवर चादरी टाकल्या होत्या. मी रोज वर जात होतो आणि रोज ते वाक्य ऐकून खाली येत होतो. मृत माणसाला दिलेला शब्द मोडू नये, हे मी वर्गात शिकवत आलो होतो. चौदाव्या दिवशी बायको म्हणाली, "वहिनींनी सांगू नका म्हटलं, ते त्या असेपर्यंत. आता कुणासाठी लपवताय? जा वर."

मी सांगितलं. येवल्याचा दिवस, किल्ली, खाट, सगळं. ओव्हरसियर ऐकत होते. त्यांची मान सवयीने किंचित डावीकडे कलली होती. माझं झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो अर्थातच, "आवाज कसा होता?"

"डब्यातला होता."

"तरी पाहिला तिनं?"

"पूर्ण पाहिला."

ते पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले. मला वाटलं, आता ते मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मी गेलोही असतो. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "कुठल्या गाडीत बसली हो ती?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी थेटरातून दोघंही उठले होते. मी म्हणालो, "दाखवलंच नाही. एकदम बारा वर्षांनंतर."

"दाखवलंच नाही?" ओव्हरसियर ताठ बसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत जुना अंगार दिसला. "म्हणजे काम अर्धवट टाकून पुढं गेले! कुणी पास केला हा सिनेमा?" आणि मग, "ती काय म्हणाली त्यावर?"

वहिनी काय म्हणाल्या ते मी सांगितलं. फलाटाचं, आणि त्या मिशीचंही. काम संपण्याविषयी त्या जे बोलल्या ते मात्र मी माझ्यापाशीच ठेवलं. ओव्हरसियर हसले की काय ते नीट कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्याला त्याची सवय नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ते खाली आले आणि म्हणाले, "मास्तर, नवरा पायाशी येतो म्हणालात, तेव्हा ती काय म्हणाली?" आठवलं ते मी सांगितलं. मग कोर्टाचं विचारलं. मग मुलगी भेटते तेव्हाचं. आठवड्यातून एकदा तरी ते यायचे, चहा घ्यायचे, आणि सिनेमातला एखादा प्रसंग काढून, तिथं वहिनी काय म्हणाल्या ते विचारायचे. दोनअडीच तासांत आजारी माणूस बोलून बोलून किती बोलणार? वर्षभरात माझी शिदोरी संपली. तेव्हा एक दिवस मोटारीच्या प्रसंगावर मी मनानेच एक वाक्य रचून सांगितलं: वहिनी म्हणाल्या, 'एवढी सगळी माणसं एका मोटारीत कोंबली, मेल्यांना एसटी मिळाली नाही का?'

ओव्हरसियरांनी डोळे मिटून ते ऐकलं. स्पीकर ऐकत तसंच. मग डोळे उघडले.

"हे वाक्य तुमचं आहे, मास्तर," ते म्हणाले.

मी ओशाळलो. माझ्या बायकोने स्वयंपाकघरातला खडखडाट थांबवला.

"पण राहू द्या," ओव्हरसियर बशीत चहा ओतत म्हणाले, "असंच म्हणाली असती ती."